हत्तीला लागलेला हात

देहूरोड,
११ जानेवारी १९६४

बुधास केरबाचा नमस्कार.

तीन रविवार झाले, मी तुंगार्लीला येतो, डॉक्टरसाहेबांच्या व्हरांड्यात पट मांडून एकटाच बसतो आणि परत जातो. परवा गुलाबांच्या वाफ्यात कोणी नवाच माणूस पाणी घालताना दिसला. डॉक्टरसाहेबांना विचारलं, तर म्हणाले, "बुधा वाडीवर गेलाय." का गेला, कधी येणार, काही बोलले नाहीत. मला चहा दिला आणि आत निघून गेले.

म्हणून हे पत्र. तुला वाचता येतं, तेव्हा दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नकोस. मी अक्षर मोठं काढतो आहे.

पुण्याच्या बुद्धिबळ स्पर्धेवरून लोक वाटेल ते बोलतात. डेपोतल्या माझ्या साहेबांनी पेढे मागितले, ते ठीक. पण लोणावळा स्टेशनवर एकजण मला म्हणाला, "काय केरबा, दोस्ताला पाडून पुढं गेलात म्हणं." मी गाडीत जाऊन बसलो. निदान तुझ्यापाशी तरी माझी बाजू सरळ असावी.

शेवटची फेरी होती. मी तुझ्यापुढे अर्ध्या गुणानं. मला बरोबरी पुरत होती, तुला जिंकणं भाग होतं. पहिला येईल त्याला ते गिरणीमालक स्वखर्चानं स्पेनच्या स्पर्धेला पाठवणार, हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. डाव तुझ्याकडे झुकला होता हे मी कुणापुढेही कबूल करीन. तुझी दोन प्यादी जास्त होती आणि माझा राजा कोपऱ्यात कोंडला होता. मी हत्तीकडे हात नेला, मग विचार बदलला आणि हात मागे घेतला. तू हळूच म्हणालास, "केरबा, हत्तीला हात लागला." मी म्हणालो, "नाही लागला." ज्याला हात लागला तेच मोहरं खेळायचं, हा नियम मीच तुला पहिल्या दिवशी सांगितला होता. पंच आले. मला विचारलं, मी सांगितलं. तुला विचारलं, तू सांगितलंस. शेजारच्या पटांवर कोणी पाहिलेलं नव्हतं. निर्णय पंचांनी दिला, मी नाही.

"तू काम काय करतोस?" असं मात्र त्यांनी तुला विचारायला नको होतं. तू म्हणालास, "माळी हाये," आणि मागे कुणीतरी हसलं. तेही मला आवडलं नाही.

मग मी राजा हलवला. आणि तू खेळलाच नाहीस. तुझ्या घड्याळात तेवीस मिनिटं होती. तू तेवीस मिनिटं पटाकडे बघत बसलास आणि घड्याळावरची वेळ संपल्याची लाल पताका पडू दिलीस. हातातला डाव तू असा सोडलास, त्यात माझा दोष काय?

जूनमध्ये बोट आहे. आईला सोमाटण्याला जाऊन सांगितलं, तर ती म्हणाली, "तितं भाकरी मिळती का रं?" बोटीवर पोचवायला मुंबईपर्यंत येशील का? मी गाडीभाडं पाठवीन. तुला सोडून मी हा खेळ कुणाशी बोलू?

तुझा,
केरबा


स्पेनचा उत्तर किनारा,
१९ जुलै १९६४

प्रिय बुधा,

तू आला नाहीस. मी गोदीवर शेवटपर्यंत बघत होतो.

या शहराचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. समुद्रकाठी आहे. जुलै महिना, पण सकाळी धुकं इतकं की राजमाचीच्या वाटेवर उभा आहे असं वाटतं. इथं गोव्याचे एक पाद्री शिकायला आले आहेत, फादर मेनेझिस. त्यांचं मराठी थोडं कोंकणी वळणाचं आहे, पण मराठी आहे. ते नसते तर मी मुका होऊन मेलो असतो.

बारा जण खेळतो आहोत. आज दहाव्या फेरीनंतर मी अकरावा आहे. खालून दुसरा म्हणालो तरी तेच.

पण तुला एका माणसाबद्दल सांगायचं आहे. एस्तेबान रुएदा. स्पेनचा ग्रँडमास्टर. वय त्रेपन्न, अंगात सदा एक जुना ओव्हरकोट, खोलीत दमट उकाडा असला तरी तो काढत नाही. सहाव्या फेरीत त्यानं मला एकतीस चालींत संपवलं. संपवलं म्हणजे ओरबाडलं नाही. डॉक्टरसाहेब फांद्या छाटायचे ना, एकेक बघून, तसं. डाव झाल्यावर त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला.

संध्याकाळी फादर आणि मी त्याच्या खोलीवर गेलो. मी आपली लोणावळ्याची चिक्की नेली होती. त्यानं तुकडा तोंडात घातला आणि त्याची कवळीच निघाली. बायको इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. मग तोही हसला. त्यानंतर आम्ही परके राहिलो नाही.

त्याची हकिकत ऐक. एकोणीस वर्षांचा होईपर्यंत त्याला हा खेळ माहीतच नव्हता. बंदरावर मासळीची जाळी दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्यानं शिकवला. पाच वर्षांत तो त्या प्रांतात पहिला आला. मग त्यांच्या देशात यादवी झाली. त्याचा थोरला भाऊ हरलेल्या बाजूनं लढला होता. लढाई संपली, भाऊ गेला, आणि रुएदाला सरकारनं पासपोर्ट द्यायचं नाकारलं. तीन वेळा तो देशाचा विजेता झाला. हॉलंडहून, अर्जेंटिनाहून बोलावणी यायची. तो अर्ज करायचा, अर्ज परत यायचा. सोळा वर्षं असं चाललं. बाहेरचे मोठे खेळाडू स्पेनमध्ये येऊ लागले तेव्हा त्यानं त्यांना इथंच गाठून हरवलं, आणि चव्वेचाळीसाव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. त्यानंतर पासपोर्टही मिळाला. तोवर डोकं चार तासांच्या वर चालेनासं झालं होतं.

मी फादरना म्हटलं, त्याला विचारा, राग नाही येत? तो म्हणाला, "कुणावर धरू? अर्ज परत पाठवणाऱ्या कारकुनाचं मला नावही माहीत नाही."

त्याला आपला पुण्यातला डाव दाखवला. तुझ्या चालींवर तो थांबायचा, मान हलवायचा. बायकोला बोलावून त्यानं तुझी घोड्याची चाल दाखवली, आणि तिला बुद्धिबळातलं काही कळत नाही. आणखीही तो बरंच बोलला. ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

परत आलो की भेटू. यावेळी नाही म्हणू नकोस.

केरबा


देहूरोड,
७ मार्च १९६५

प्रिय बुधा,

माझी दोन्ही पत्रं तुला पोचली. पोस्टमनला विचारून खात्री केली आहे. उत्तर नाही.

लोणावळ्यात माझा सत्कार झाला. शाल, नारळ, बँड. अकराव्या नंबरचा सत्कार! "मावळचा मोहरा सातासमुद्रापार" असं कापडी फलकावर लिहिलं होतं. भाषणात मी सगळ्यांचे आभार मानले, डेपोचे, गिरणीमालकांचे, सोमाटण्याच्या शाळेचे. तुझं नाव तोंडाशी आलं होतं.

कार्यक्रमानंतर डॉक्टरसाहेबांनी मला बाजूला घेतलं. तू आपणहून वाडीवर गेला नव्हतास हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टर म्हणाले, "माझ्या शब्दावर त्याचं नाव स्पर्धेत घेतलं होतं. भर हॉलमध्ये त्याची तक्रार खोटी ठरली. लोक मला म्हणायला लागले, तुमचा माळी लबाडी करून जिंकायला बघत होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला काढलं. तुमच्यापुढं बोलायचं धाडस झालं नाही, केरबा, तुम्हाला त्याचा लळा होता."

मी उभा होतो. दोन शब्द बोलायचे होते. मी म्हणालो, "हो, होता."

दुसऱ्या दिवशी तुमच्या वाडीकडे निघालो. तळ्याच्या बांधावरून वर चढलो, झऱ्यापर्यंत आलो. तिथं भागूबाई हंडा भरत होती. तुझी बायको मला नेहमी भाऊ म्हणते, तसंच म्हणाली, "भाऊ, हितं का बसलाव? वर चला की."

मी विचारलं, "बुधा काय करतो?"

"रेलवेच्या रुळावं जातोय रोजानं, खडी वडायला. बोलत न्हाई कुनाशी. त्यो लाकडाचा पट पोरीला, चिंगीला दिलाय खेळाया. तिनं घोड्याचं लगीन लावलंया वजिराशी." आणि ती हसली. मग माझ्या तोंडाकडं बघून थांबली. "भाऊ, तुमचं काय बिनसलं का वो? त्ये काय सांगत न्हाईत."

मी म्हटलं, काही नाही. चिंगीसाठी आणलेली खाऊची पुडी तिच्या हातात दिली आणि खाली उतरलो.

तू रागावला आहेस हे मला समजतं. पण एकदा शिव्या तरी घाल. तुझं हे न बोलणं मला सोसत नाही.

केरबा


देहूरोड,
२६ नोव्हेंबर १९७२

बुधा,

सात वर्षांनी लिहितो आहे. हे पत्र टपालात टाकायचं नाही असं ठरवून बसलो आहे. मीच घेऊन येणार आणि तुझ्यासमोर वाचणार. तोंडानं सांगायला गेलो तर मी पुन्हा काहीतरी सारवासारव करीन. कागदावर असलं की वाचावंच लागेल.

आधी माझं सांगतो. स्पेनहून आल्यावर मी चार वर्षं खेळलो. दोनदा राज्याच्या स्पर्धेत तिसरा आलो, मग दहावा, मग विसावा. खेळताना कुठलंही मोहरं उचलायच्या आधी माझा हात हवेत थांबायचा. समोरचा माणूस बघायचा की याला काय झालं. वेळ संपून हरायला लागलो. शेवटी सोडून दिलं. डेपोतले लोक अजून ओळख करून देताना म्हणतात, "हे आमचे चॅम्पियन, स्पेनला जाऊन आले." नवीन लागलेले मान देतात.

गेल्या महिन्यात फादर मेनेझिसांचं पत्र आलं. एस्तेबान रुएदा वारला. शेवटची काही वर्षं तो एका गावच्या वर्तमानपत्रात बुद्धिबळाचा स्तंभ लिहीत असे. फादरनी त्यातलं एक कात्रण पाठवलं आहे, आणि खाली मराठीत अर्थ लिहून दिला आहे. पटाचं चित्र आहे. चित्रावर छापलंय: पांढरी मोहरी, केरबा. काळी मोहरी, बुधा. पुणे, १९६३.

तुझं नाव, बुधा. स्पेनमध्ये छापून आलंय.

त्यानं लिहिलंय: "ही काळी मोहरी खेळणारा माणूस बागकाम करतो असं मला सांगण्यात आलं. मी आयुष्यभर या खेळावर पोट भरलं, पण अशी घोड्याची चाल मला दोनदाच सुचली. पांढऱ्याकडे सुटकेची एकच वाट होती आणि त्याला ती दिसली नाही. काळ्यानं मात्र जिंकत असताना वेळ का संपू दिला, हे मला कधीच समजलं नाही."

आता सुटकेच्या त्या वाटेबद्दल सांगतो. त्या संध्याकाळी त्याच्या खोलीत पट मांडला होता. डाव त्या जागेवर आला तेव्हा रुएदानं विचारलं, "तू इथं हत्ती का नाही हलवलास?" फादरनी मला तसंच मराठीत सांगितलं. मी हसून म्हणालो, हत्ती हलवला तर संपलोच ना. त्यानं मान हलवली. माझा हत्ती उचलला, सरळ शेवटच्या ओळीपर्यंत नेऊन काळ्या राजाला शह दिला. तो वजिरानं मारण्यावाचून तुला इलाज नव्हता. आणि मारला की तुझा वजीर जिथं येतो, तिथून माझ्या राजाची उरलेली दोन्ही घरं बंद होतात. माझी प्यादी आधीच अडलेली. राजाला शह नाही आणि हलवायला काहीच नाही. कुजी. डाव बरोबरीत.

मला बरोबरीच पुरत होती, बुधा.

मग त्यानं दुसरा प्रश्न विचारला. "या बुधाला का नाही पाठवलं?" मी म्हणालो, तो हरला. फादरनी सांगितलं. रुएदा पटाकडे बघत राहिला, म्हणाला, "हा हरला?"

आता लिहितो.

हात लागला होता. नुसता लागला नव्हता, हत्तीचं डोकं माझ्या दोन बोटांत होतं. मी तो उचलायच्या बेतात होतो, तेवढ्यात वाटलं की हा हलवला तर मेलो, आणि बोटं सोडली. तू बोललास तेव्हा पहिल्या क्षणी मी "हो रे" म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो. मग समोर बोट दिसली, आई दिसली, डेपो दिसला. पंच आले. त्यांनी माझ्या कोटाकडे पाहिलं, तुझ्या धोतराकडे पाहिलं. तेव्हाच मला कळलं की मी काहीही म्हणालो तरी हे माझं ऐकणार. तू डोंगरावरच्या वाडीचा आणि मी सोमाटण्याच्या जमीनवाल्या घरातला, हे आपण व्हरांड्यात कधी मोजलं नव्हतं. त्या दिवशी मी ते वापरलं.

पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं की निर्णय पंचांनी दिला. खोटं. निर्णय मी दिला. खरं बोललो असतो तर हत्ती हलवावा लागला असता, आणि तासभर विचार करून ती वाट कदाचित मला सापडलीही असती. मी स्पेनला गेलो असतो आणि तूही माझा राहिला असतास. कदाचित सापडली नसती, तू गेला असतास, आणि रुएदाच्या समोर तू बसला असतास. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं.

माफी मागायला येत नाही. मला ती कशी मागायची कळत नाही. तुला फक्त खरं सांगायला येतो आहे.

केरबा


देहूरोड,
२१ जानेवारी १९७३

बुधा,

मी वाडीवर आलो त्या रविवारी तू जे बोललास, ते घरी आल्या आल्या लिहून काढलं. कारण ती स्पर्धा भरवणाऱ्या बुद्धिबळ मंडळाच्या वार्षिक सभेत मला ते वाचून दाखवायचं होतं. तुझ्या तोंडचं एक अक्षरही मी बदललेलं नाही असं मला वाटतं. सोबत नक्कल लिहितो. चुकलं असेल तिथं खोड.

मी आलो तेव्हा तू अंगणात इरलं विणत होतास. केस पिकलेत तुझे. मी पत्र वाचलं. तू हातातलं काम थांबवलं नाहीस. संपल्यावर म्हणालास, "पुन्यांदा वाच." मी पुन्हा वाचलं. "हात लागला होता" इथं आलो तेव्हा तुझे हात थांबले.

तू म्हणालास, "म्हंजी लागला व्हता."

"लागला होता."

"मला दिसलं त्ये खरं व्हतं."

"खरं होतं."

भागूबाई दारात येऊन उभी राहिली, तिला तू हातानं आत जा म्हणालास. मग बोलायला लागलास:

"केरबा, तू न्हाई म्हनलास तवा मला वाटलं माजंच डोळं चुकलं. मला वाटलं, ह्यो कशाला खोटं बोलंल? ह्यानं मला अक्षर शिकिवलं. माज्या ताटात जेवला. मंग मीच लबाड. जिंकायची हाव सुटली म्हनून न झालेलं दिसलं मला. पंच म्हनले खोटी तक्रार, मी म्हनलं, व्हय, खोटीच आसंल. म्हनून खेळलो न्हाई म्या. दोस्तावर आळ घ्येतला, आन् वरतून त्याला हरवू? कसं खेळू? म्हनलं, पडू द्या घड्याळ. ह्यो तरी जाऊ दे तिकडं. तेवढं तरी माज्याकडून व्हऊ दे.

"डाक्टरसायबानं काढलं, म्हनलं बरुबर केलं. तुजी पत्रं आली. मला वाटलं, किती मोठ्या मनाचा मानूस, आळ घेनाऱ्याला बी लिव्हतोय, बोलावतोय. त्या पत्रात तू लिव्हलं, माजा दोष काय? मी म्हनलं, काय बी न्हाई बाबा तुजा दोष. पर ह्ये कुठल्या तोंडानं लिव्हू? तू झऱ्यावं येऊन बसला व्हतास त्ये मी वरनं बघितलं. लपलो मी घरात.

"पट टाकून दिला त्ये रागानं न्हाई. मोहरं दिसलं की वाटायचं, ह्ये खरंच तितं हाये का मलाच दिसतंया? रुळावं काम करताना बी. गाडी येती म्हनून मुकादम वरडायचा, मला आधी दिसलेली आसायची, पर मी बोलायचो न्हाई. म्हनलं, आपलं डोळं खोटं."

इतकं बोलून तू कात्रण मागितलंस. छापलेल्या नावावर बोट ठेवून एकेक अक्षर लावायचा प्रयत्न केलास, ती परकी लिपी आहे हे मी सांगितलं. तू म्हणालास, "आसू दे. ह्ये माजं हाये ना?" मी म्हटलं, तुझंच. तू ते घडी करून बंडीच्या खिशात घातलंस आणि म्हणालास, "जा आता."

मी उतरताना मागे वळून बघितलं नाही. तुझा आवाज येत होता. तू रडत होतास का कुणावर ओरडत होतास, मला समजलं नाही.

बुधा, नऊ वर्षं मला वाटत होतं की तू माझ्यावर रागावला आहेस. मी त्या रागावर जगलो. वाटायचं, तो रागावलाय म्हणजे त्याला खरं माहीत आहे, म्हणजे आपण दोघं तरी ते जाणतो. तू तिकडे माझं खोटं खरं मानून स्वतःला खात बसला असशील, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. एका शब्दाचं काम होतं.

आता सभेचं. मी उभा राहिलो आणि सगळं वाचलं. अध्यक्ष म्हणाले, "ते पंच आता हयात नाहीत. नोंद झाली ती झाली. नऊ वर्षांनी उकरून काय साधणार? तुमचंच नाव जाईल." मी म्हणालो, "जाऊ द्या, त्यासाठीच आलोय." एक जुने सभासद म्हणाले, "त्या माणसाला आता काय फरक पडणार आहे?" मी त्यांना तुझं रुळावरचं बोलणं पुन्हा वाचून दाखवलं. त्यांनी मान खाली घातली, पण ठराव काही झाला नाही. सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला नाही. विजेत्यांच्या यादीत १९६३ पुढं माझंच नाव राहणार आहे. तेव्हा मला मिळालेला करंडक मी टेबलावर ठेवला. निघताना पाहिलं, शिपायानं तो कपाटात ठेवून दिला होता, इतर करंडकांशेजारी.

डॉक्टरसाहेब आता मुलाकडे मुंबईला असतात. त्यांनाही सगळं लिहिलं आहे. उत्तर आलेलं नाही.

आईला सांगितलं. ती आता फार थकली आहे. ऐकून म्हणाली, "त्यो बुधा तुज्या ताटात बसायचा ना रं? आन् तू आसं केलंस?" मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. कोणीतरी रागावलं याचं मला बरं वाटलं.

तू म्हणशील ते मी करीन. ये म्हणालास तर दर रविवारी येईन. खेळायला नाही, नुसता. चिंगीचं लग्न ठरलंय असं भागूबाईकडून कळलं. त्याला येऊ का?

केरबा


[पोस्टकार्ड. पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरांत.]

मुक्काम वाडी,
फेब्रुवारी

केरबास बुधाचा नमस्कार.

पत्र पोचलं. मी वाचलं. भागूला बी वाचून दावलं. तू लिव्हलं त्यात कायबी चुकलेलं न्हाई.

नोंद बदलली न्हाई तरी आसू दे. परवा रुळावं मी गाडी आदी बघितली आन् वरडलो. सगळी बाजूला झाली. मुकादम म्हनला, आज बुधाला काय झालं.

लग्नाला येऊ नको. रविवारी बी येऊ नको. नऊ वर्सं मी माज्यावरच रागावलो, केरबा. तुज्यावर रागवायला मला आत्ता कुटं मिळालंया. त्ये मला करू दे.

बुधा